अंगण वाकडेच होते

सामन्याच्या दिवशी माझी मुलगी सभागृहात सर्वांच्या आधी पोहोचते आणि चेंडू घेऊन जमीन तपासते. एका कोपऱ्यापासून आरंभ करून, शेतात नांगर धरावा तशा सरळ ओळी धरत, ती फळीफळीवर टप्पा देत जाते. मान खाली असते, पण लक्ष कानांत असते. तिच्या संघातील मुलींनी या प्रकाराचे नाव 'ताईंची पेरणी' असे ठेवले आहे. "झाली का पेरणी, ताई? आता पाऊस कधी?" असे त्या बूट बांधताना विचारतात. ती हसते, परंतु ओळ सोडत नाही.

बास्केटबॉलची लाकडी जमीन दिसायला एकसंध दिसते, तशी ती नसते. मोठ्या सभागृहात ती तुकडे जोडून अंथरलेली असते. गाण्याचा कार्यक्रम असला की उचलतात, सामना असला की पुन्हा बसवतात. प्रत्येक तुकड्याखाली रबराच्या छोट्या गाद्या असतात. एखादी गादी निसटली किंवा सांधा सैल राहिला, की त्या जागी आदळलेला चेंडू वर यायचे विसरतो. त्याचा आवाजही बदलतो. भिजल्या पोत्यावर थाप मारावी तसा येतो. आमच्या घरी अशा जागेला 'मुकी जागा' म्हणतात. मी तंत्रनिकेतनात सुतारकाम शिकवत असे आणि लाकडावर बोटाचे पेर वाजवून आतली पोकळी ओळखणे हे आमच्या विभागातले पहिल्या वर्षाचे काम होते, त्यामुळे हे नाव माझ्याकडून तिच्याकडे गेले असावे.

तिचे घरचे नाव खुंटी. ते माझ्या धाकट्या बहिणीने, म्हणजे तिच्या आत्याने ठेवले. "सगळं घर बांबूसारखं उंच, आणि त्यात ही भिंतीतली खुंटी!" असे ती म्हणाली आणि नाव चिकटले. पुढे त्या खुंटीने उंच माणसांचाच खेळ निवडला आणि व्यावसायिक क्लबांतून खेळायला लागली. तेव्हा हीच आत्या शेजारणींना सांगत सुटली, "अहो, उंच माणसं काय, पंख्याचीही धूळ पुसतात. चेंडू जमिनीवर असतो, आणि तिथे आमचीच पोहोच जास्त!"

पण लोकांनी ठेवलेले नाव वेगळे होते, आणि ते गमतीचे नव्हते.

खुंटी बावीस वर्षांची असताना तिचा क्लब प्रथमच अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात पोहोचला. अखेरची काही सेकंदे उरली होती, तिचा संघ एका गुणाने पुढे होता आणि चेंडू तिच्या हातात होता. करायचे एवढेच होते, की चेंडू सांभाळून वेळ काढायचा. ती बाजूच्या रेषेकडे वळली, तिने टप्पा दिला आणि चेंडू परत आलाच नाही. निदान तिच्या हातापर्यंत आला नाही. प्रतिस्पर्ध्यांनी तो उचलला आणि सामना गेला. नंतर वार्ताहरांनी विचारले तेव्हा तिने जे घडले ते सांगितले : "त्या जागी जमिनीत दोष होता."

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तिच्या छायाचित्रावर मोठ्या अक्षरांत छापले होते : 'नाचता येईना, अंगण वाकडे!'

म्हणीची ताकद अशी, की ती एकदा चिकटली की पुरावा मागत नाही. परगावच्या सामन्यांत खुंटीच्या हाती चेंडू आला की प्रेक्षक एका सुरात ओरडू लागले, "अंगण! अंगण!" तिने क्लब बदलले, दोन देश बदलले, केसांची ठेवण बदलली, आरोळी तीच राहिली.

त्या पराभवानंतर ती घरी आली, तेव्हा न जेवता थेट माझ्यासमोर बसली होती.

"बाबा, मला धीर नकोय. अंगण वाकडं होतं की नव्हतं, तेवढं सांगा."

मी त्या क्षणाचे चित्रीकरण पुन्हापुन्हा पाहिले. आधीचा प्रत्येक टप्पा तिच्या कमरेपर्यंत येत होता. तो एकच टप्पा गुडघ्याशी थांबला होता. हाताची चूक असती तर चेंडू दिशा बदलून गेला असता. इथे दिशा तीच होती, फक्त उंची नव्हती.

"वाकडं होतं," मी म्हणालो.

"मग आता मी काय करू? जगाला सांगत फिरू?"

"सांगून कोण ऐकणार? यापुढे नाचायच्या आधी अंगण बघून घ्यायचं."

तेव्हापासून पेरणी सुरू झाली. त्यात तिने स्वतःची एक भर घातली. मुकी जागा सापडली की ती सभागृहाच्या व्यवस्थापकाला सांगते, पंचांना सांगते, आणि समोरच्या संघालाही नेऊन दाखवते. हे शेवटचे तिच्या कोणत्याही प्रशिक्षकाला आवडले नाही. आताच्या प्रशिक्षक म्हणजे एक करड्या आवाजाच्या बाई. मुली त्यांना नुसते 'कोच' म्हणतात. त्या एकदा वैतागून म्हणाल्या होत्या, "अगं, चोराला घराचा नकाशा काढून देतेस तू!" खुंटीने त्यांचे शांतपणे ऐकून घेतले आणि पुढच्या सामन्याआधी पुन्हा तेच केले.

यंदा ती पस्तीस वर्षांची झाली. उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेली आहे. जिना उतरताना तो बोलतो, आणि ते आम्हा सर्वांना ऐकू येते. दरम्यान आणखी दोन अंतिम सामने तिच्या नशिबी आले आणि दोन्ही हातचे गेले. हंगामाच्या आरंभीच क्लबने तिला स्वच्छ सांगितले होते, की हे वर्ष शेवटचे. त्यामुळे तिचा संघ पुन्हा एकदा अंतिम सामन्यात पोहोचला, तेव्हा घरात त्याविषयी कोणी मोठ्याने बोलत नव्हते. चषक मिळाला तर तो पहिला आणि शेवटचा. न मिळाला तर त्या वर्तमानपत्राचे म्हणणे कायमचे खरे ठरणार होते.

त्या दिवशी मी तिच्याबरोबर सभागृहात सकाळी लवकर गेलो. ती एकेक ओळ धरत पुढे सरकत होती, मी बाहेरच्या खुर्चीवर बसून ऐकत होतो. टप्प्यांचा ठणठणीत आवाज वरच्या रिकाम्या बाकांपर्यंत जात होता. आणि मग, दूरच्या बास्केटच्या बाजूला, बास्केटकडे तोंड केले असता उजव्या हाताला, तो आवाज बसला.

"बाबा, ऐकलंत?"

मी जाऊन खाली बसलो आणि पेराने वाजवून पाहिले. ताटाएवढा भाग पोकळ बोलत होता.

सभागृहाचा व्यवस्थापक आला, त्याने बुटाची टाच आपटून पाहिली आणि कपाळाला हात लावला. "ताई, हा तुकडा काढायचा तर कडेपासून अर्धी जमीन उचलावी लागेल. लोक दारात उभे आहेत हो!" मुख्य पंचांनी चेंडू टाकून पाहिला, मान डोलावली आणि सांगितले, "धोका नाही. दोन्ही संघांना जमीन सारखीच आहे. सामना होईल."

समोरच्या संघात एक बावीस वर्षांची मुलगी आहे. सगळे तिला वीज म्हणतात, आणि ते नाव कोणी उगाच ठेवलेले नाही. या हंगामातील सर्वाधिक गुण तिचे होते. ती सराव करायला मैदानात उतरताच खुंटी तिच्याकडे गेली.

"जरा इकडे ये. एक गोष्ट दाखवायची आहे."

वीज सावध झाली. "ताई, आमच्या कोचनी सांगितलंय, की तुम्ही सामन्याआधी येऊन डोक्यात काहीतरी भरवून जाता."

"डोक्यात नाही भरवत, हातात देते. हं, इथे टप्पा दे."

विजेने टप्पा दिला. चेंडू तिच्या गुडघ्यापाशी येऊन घुटमळला. तिने पुन्हा दिला, जोर लावून दिला, तरी तेच.

"अगंबाई! हे तर खरंच आहे की!"

"बाकी सगळी जमीन चांगली आहे, मी पाहिली. एवढी जागा सांभाळ."

सामना सुरू झाला, तेव्हा आत्या माझ्या शेजारी, संघाच्या बाकाच्या अगदी मागच्या रांगेत बसली होती. खुंटी इतकी वर्षे खेळत आहे, पण आत्याने नियम शिकून घेतलेले नाहीत. त्याची तिला कधी गरजही भासली नाही.

"दादा, त्या शिट्टीवाल्याला काय झालंय? सारखा कुकरसारखा वाजतोय."

"फाउल झाला."

"मग आपल्याच मुलींचा कसा होतो दर वेळी? त्याच्या डोळ्यात काहीतरी गेलंय, बघ."

जावई मात्र आत नव्हते. ते पत्नीचा सामना कधी पाहत नाहीत. बाहेरच्या व्हरांड्यात फेऱ्या घालतात आणि प्रेक्षकांच्या आवाजावरून गुणसंख्या ओळखतात. शाळेत भूगोल शिकवणारा, अन्यथा अत्यंत समंजस माणूस आहे.

पूर्वार्धात खुंटीला थोडाच वेळ खेळवले. ती आली, दोन नेमके पास देऊन गेली, पुन्हा बाकावर बसली. मध्यंतरानंतर, नियमाप्रमाणे, संघांनी बाजू बदलल्या. आता मुकी जागा विजेच्या हल्ल्याच्या बाजूला आली. परंतु तिला तिचा काही त्रास होताना दिसेना. ती मुसंडी मारत होती आणि बास्केटमागून बास्केट करत होती. आमचा संघ मागे पडत चालला. समोरच्या प्रेक्षकांना इतका उत्साह आला, की खुंटी बाकावर बसलेली असतानाच त्यांनी सूर धरला, "अंगण! अंगण!"

"बसलेल्या माणसालाही छळतात मेले," आत्या पुटपुटली. "यांच्या अंगणात बाभळी उगवोत."

खुंटीला ते ऐकू गेले असावे, पण तिने मागे पाहिले नाही. ती किंचित पुढे झुकली होती आणि तिची मान, सकाळी जमीन तपासताना असते तशी, एका बाजूला कललेली होती. ती विजेच्या हाताकडे नव्हे, पायांकडे पाहत होती. वीज पुढे आली की खुंटीचे बोट तिच्या मांडीवर हळूच आपटे. वीज वळण्याच्या क्षणी ते थांबे. पुन्हा तसेच. आणि पुन्हा.

ती उठली आणि कोचच्या शेजारी जाऊन बसली.

"कोच, विजेवर मला घाला."

"या गुडघ्याने तू तिच्यामागे धावणार?"

"मागे धावायचंच नाहीये. ती कुठे येते ते मला दिसलंय. निघते उजवीकडून, कारण तिचा उजवा हात पक्का आहे. पण त्या जागेच्या थोडं आधी, दर वेळी, चेंडू डाव्या हातात घेते आणि आत वळते. एकदाही चुकली नाही."

कोचनी तिच्याकडे वळून पाहिले. "म्हणजे ती त्या जागेला टाळतेय?"

"हो."

"जी जागा तूच तिला दाखवलीस?"

"हो."

"हे ठरवून केलं होतंस?"

"नाही हो कोच! आत्ता बघताना लक्षात आलं. पण आता दाखवून झालंय, त्याला मी तरी काय करू?"

त्या करड्या बाईंना मी हसताना प्रथमच पाहिले. "जा," त्या म्हणाल्या.

अखेरच्या सत्रात खुंटी विजेसमोर उभी राहिली. दोघींना शेजारी पाहून आत्याने डोळे मिटून घेतले. पहिल्याच वेळी वीज तिला चकवून गेली, कारण खुंटी वळणाच्या जागी पोहोचली, पण उशिरा. दुसऱ्या वेळी पोहोचली. विजेला थांबावे लागले आणि चेंडू दुसरीकडे द्यावा लागला. तिसऱ्या वेळी वीज तिच्यावर आदळली आणि शिट्टी विजेविरुद्ध वाजली.

"डोळ्यातलं गेलं वाटतं त्याच्या," आत्या म्हणाली. तिने आता डोळे उघडले होते.

वीज अडली तसा तिचा संघ अडखळू लागला. आमच्या मुलींनी अंतर कमी करत आणले. खुंटी प्रत्येक वेळी तिथेच, वळणाच्या जागी, आधीपासून उभी असे. तिच्या धावण्यात वेग नव्हता, पोहोचण्यात होता. तरीही अखेरचे वीसेक सेकंद उरले तेव्हा आम्ही एका गुणाने मागे होतो आणि चेंडू विजेकडे होता. म्हणजे त्या पहिल्या अंतिम सामन्याचेच चित्र, पण उलटे. आज चेंडू सांभाळून वेळ काढायचा होता तो विजेला, आणि तो हिसकावायचा होता खुंटीला.

"फाउल कर! थांबव घड्याळ!" कोच ओरडल्या.

फाउल केला असता तर घड्याळ थांबले असते, पण विजेला मोकळे नेम, म्हणजे फ्री थ्रो, मिळाले असते, आणि मोकळे नेम ती चुकत नाही. खुंटीने हात मागे घेतले. समोरची आरोळी छताला लागली होती. "अंगण! अंगण! अंगण!"

विजेला वाटले, म्हातारी दमली. आणि बावीस वर्षांच्या माणसाला नुसती वेळ काढणे जमत नाही. समोर वाट दिसली की पाय निघतात. ती निघाली. उजवीकडून, उजव्या हाताने, सुरेख. खुंटी तिच्याबरोबर गेलीच नाही. ती अर्धे पाऊल आतल्या बाजूला सरली आणि थांबली. वीज मुक्या जागेजवळ आली, आणि नेहमीसारखाच तिने चेंडू या हातातून त्या हाताकडे टाकला.

तो क्षण फार लहान असतो. चेंडूने एक हात सोडलेला असतो आणि दुसरा हात त्याला मिळालेला नसतो. तेवढा वेळ तो कोणाचाच नसतो. त्या वेळात तिथे खुंटीचा हात होता.

चेंडू आता खुंटीकडे होता. ती निघाली होती. समोर सगळे मैदान मोकळे, आणि मागे वीज. गुडघा दुखत होता हे मला तिच्या खांद्यांवरून कळत होते. वीज झपाट्याने अंतर कापत होती. सरळ शर्यतीत निकाल एकच होता, आणि तो दोघींनाही ठाऊक होता. बास्केटच्या अलीकडे वीज अगदी पाठीशी आली, चेंडू अडवायला तिने हवेत झेप घेतली.

आणि खुंटी थांबली. भर धावेत, त्याच गुडघ्यावर, जमिनीत ठोकल्यासारखी थांबली. वीज तिच्या डोक्यावरून, बाजूने, हात पसरून पुढे निघून गेली. आता खुंटी आणि बास्केट यांच्यामध्ये कोणी नव्हते. तिने घाई केली नाही. चेंडू बास्केटमागच्या फलकाच्या चौकटीवर हलकेच टेकवला. तो खाली आला आणि जाळीतून पडला.

उरलेल्या क्षणात समोरच्या संघाने मैदानाच्या मध्यातून चेंडू फेकला. तो फलकाला लागून बाहेर गेला. भोंगा वाजला.

पुढचे मला क्रमाने सांगता येत नाही. मुलींनी तिला उचलले होते. आत्या माझा हात इतका दाबत होती, की चष्मा पुसायला मला एकच हात मोकळा राहिला. दारातून जावई धावत आले.

"जिंकलो ना? हा आवाज आपलाच होता ना?"

"अहो जावईबापू, तिने जिंकलंय! तुम्ही तर नुसते फरशी झिजवत होतात!" असे म्हणून आत्या स्वतःच रडू लागली.

मग वरच्या बाकांवरून, आमच्या बाजूच्या प्रेक्षकांतून, कोणीतरी सुरुवात केली. "अंगण! अंगण!" दुसऱ्यांनी ती आरोळी उचलली. टाळ्यांचा ठेका तोच होता, शब्द तोच होता, पण या वेळी लोक उभे राहून म्हणत होते. खुंटीने, खांद्यांवर बसल्या बसल्या, चषक डोक्यावर घेऊन दोन्ही बाजूंना लवून दाखवले. समोरच्या प्रेक्षकांतही मग काही जण उठले.

वीज तिला शोधत आली, तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"ताई, तुम्ही ती जागा दाखवली नसती, तर मी सरळ उजवीकडूनच गेले असते."

"आणि तिथे चेंडू बसला असता," खुंटी म्हणाली. "मग उद्यापासून तुला 'अंगण' म्हटलं असतं. ते नाव माझं आहे, बाई. ते मी कोणाला देणार नाही."

वीज रडता रडता हसली. "माझी चूक काय झाली, ते तरी सांगा."

"जागा टाळलीस ते बरोबर. पण एकाच बाजूने टाळलीस. ये एकदा सरावाला, दाखवते."

वार्ताहर जमले होते. त्यांतल्या एकाला आरोळीचा इतिहास ठाऊक असावा. त्याने सावधपणे विचारले, "आज जमीन कशी वाटली?"

खुंटीने घाम पुसला. "अंगण वाकडंच होतं," ती म्हणाली, आणि थोडे थांबून, "तेव्हाही होतं." एवढे बोलून तिने पुढच्या प्रश्नाकडे मान वळवली.

सभागृह रिकामे झाल्यावर कामगार जमीन उचलू लागले. व्यवस्थापकाने मला हाक मारून तो तुकडा उलटा करून दाखवला. गाद्यांच्या जागी नुसते गोंदाचे वाळलेले डाग होते. गाद्या कुठे गेल्या कोण जाणे. मी खुंटीला बोलावले. ती लंगडत आली, चषक काखेत, पण मध्येच थांबली.

"राहू दे बाबा. या वेळी मला तुम्हाला विचारायचं नाहीये."

"बघ तरी. अगदी स्वच्छ दिसतंय."

"सकाळी ऐकलंय मी," ती म्हणाली आणि चषक माझ्या हातात दिला. "हा धरा, जड आहे. आणि चला लवकर. आत्या केव्हाची भुकेली आहे, आणि तिकडे पंचांना गाठून बसली आहे. म्हणतेय, डोळ्यांना काय लावायचं ते सांगते."